नाव जुळलेला माणूस

“चौकशी ही शिवी नाही, शेठ,” असं म्हणून आमचे सर फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घ्यायचे. डावा कान समोरच्याचा राग ऐकायला आणि उजवा त्याचं उत्तर ऐकायला, अशी त्यांनी वाटणी केलेली असावी. पलीकडचा माणूस कधी आफ्रिकेतला असे, कधी आखातातला. त्याने आमच्या कंपनीकडे व्हॉल्व मागवलेले असत, आणि आम्ही त्याला विचारत असू की हे व्हॉल्व नक्की कुठे बसवणार, कोणासाठी बसवणार आणि तुमचे भागीदार कोण. पैसे मोजून माल घेणाऱ्याला असलं काही विचारलं की तो चिडणारच. तुम्हीही चिडाल. भाजीवाल्याने ‘या दुधीचं पुढे काय करणार ते आधी सांगा’ म्हटलं तर कोण ऐकून घेईल?

यांचं मात्र लोक ऐकून घ्यायचे. आधी तब्येत, मग मुलंबाळं, मग तिकडचं हवामान, आणि मग सहज बोलता बोलता, “बरं, ते गोडाऊन कोणाच्या नावावर आहे म्हणालात?”

ते आमच्या एक्स्पोर्ट खात्याचे प्रमुख होते. साकीनाक्याच्या एका गल्लीत, खाली मशिनशॉप आणि वर ऑफिस अशी आमची कंपनी. ते साठीला टेकलेले, अंगाने भरलेले, खिशात कायम बडीशेप. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान. राहायला जोगेश्वरीत. वर आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो, खाली मशिनवरची माणसं ‘चाचा’ म्हणायची. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावाने त्यांना पुरेसा त्रास दिला आहे.

मी त्यांच्या हाताखाली नव्हतो. मी त्यांच्या डोक्यावर होतो, असं माझं मत होतं. झालं असं, की कंपनीला एक परदेशी भागीदार मिळाला आणि त्याच्या आग्रहाने एक नवी जागा निघाली. आमचे काही व्हॉल्व खताच्या कारखान्यातही चालतात आणि विषारी वायू बनवणाऱ्या कारखान्यातही. म्हणून कोणाला काय विकायचं नाही याच्या याद्या निरनिराळी सरकारं काढतात. त्यांत माणसांची नावं असतात, कंपन्यांची असतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव त्या याद्यांशी ताडून पाहायचं, हे माझं काम. म्हणजे काम कॉम्प्युटरच करायचा. मी नाव टाइप करायचो. तो हिरवा किंवा लाल व्हायचा, आणि मी त्याप्रमाणे चेहरा करायचो.

या कामाचं ट्रेनिंग अंधेरीच्या एका हॉटेलात झालं. त्यातलं पनीर मला अजून आठवतं. परत आलो तो जगाच्या शांततेचा भार खांद्यावर घेऊनच. घाटकोपरला आमच्या सोसायटीत आईने सांगून टाकलं की मुलगा आता देशाच्या सुरक्षेत आहे. सेक्रेटरी काका एकदा जिन्यात गाठून म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूचं जरा बघशील का. मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, ‘गोपनीय असतं, काका.’ त्यांनी इतक्या आदराने मान डोलावली की मला स्वतःविषयी पुढचे कित्येक दिवस बरं वाटत राहिलं.

पहिल्याच दिवशी मी गंमत म्हणून स्वतःचं नाव टाइप करून पाहिलं होतं. कॉम्प्युटर क्षणात हिरवा झाला. जराही विचार न करता. इतक्या मोठ्या जगात माझ्या नावाच्या एकाही माणसाने काही केलेलं नव्हतं, याचं मला उगाच वाईट वाटलं.

सरांना माझ्या खात्याचा राग येईल अशी माझी अपेक्षा होती. विक्रीवाल्यांना आमचा राग येतोच. मी त्यासाठी एक कडक भाषणही तयार करून ठेवलं होतं. पण त्यांनी मला खुर्ची दिली, बडीशेप दिली आणि विचारलं, “एखादं नाव लाल आलं तर तू काय करणार?”

“ऑर्डर थांबवणार, सर.”

“आणि त्या माणसाला काही विचारणार नाहीस?”

ट्रेनिंगमध्ये ते सांगितलं होतं बहुतेक. पण तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

त्यांनीच मग मला शिकवलं. लाल म्हणजे गुन्हेगार नव्हे, लाल म्हणजे विचार. एका नावाची हजार माणसं असतात. जन्म कुठला, बाप कोण, धंदा काय, पत्ता कुठला, हे विचारल्याशिवाय कोणाला चांगलंही म्हणायचं नाही आणि वाईटही. मी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि पुढच्या बैठकीत मालकांना माझं म्हणून सांगितलं. सर शेजारी बसून बडीशेप चावत होते.

त्यांची एक जुनी पार्टी होती आखातात. पार्टी कसली, मित्रच तो. सरांनी उमेदवारीत असताना पहिला माल विकला तो त्याला. सरांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला तो विमानाने आला होता. दर रमजानच्या आधी त्याच्याकडून ऑफिससाठी खजुराच्या पेट्या यायच्या आणि त्यातली एक मी सुरक्षेच्या कारणास्तव घरी न्यायचो.

एकदा त्याची मोठी ऑर्डर आली. नेहमीपेक्षा मोठी, आणि माल वेगळा. गंजणार नाही अशा खास मिश्रधातूचे व्हॉल्व. मी त्याचं नाव टाकलं, हिरवं. कंपनीचं नाव टाकलं, हिरवं. सगळं हिरवं म्हणून खुशीत मी चहा घ्यायला उठणार, तेवढ्यात माल उतरवायच्या गोडाऊनच्या पत्त्याकडे लक्ष गेलं. तो मी आधी कुठेतरी वाचला होता. शोधलं तर तोच पत्ता यादीतल्या एका बंदी घातलेल्या कंपनीचा निघाला. गोडाऊनचा नंबरसुद्धा तोच.

आता हे सरांना सांगायचं होतं. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. मी हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. म्हणून मी त्यांना ईमेल लिहायला घेतलं. इंग्रजीत. ‘आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो’ इथपर्यंत आलो की खोडायचो. ‘कदाचित योगायोग असेल’ हे वाक्य आधी वर ठेवलं, मग खाली नेलं, मग दोन्हीकडे ठेवलं. शेवटी पाठवलं आणि मान खाली घालून बसलो. शेजारी टिंग असा आवाज झाला. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. मग खुर्ची वळवली.

“अरे, मी इथेच बसलोय.”

मग ते रागावले. मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणाले, त्याला मी ओळखतो, त्याच्या घरी जेवलोय, तुझा कॉम्प्युटर जन्मायच्या आधीपासून तो माझ्याकडून माल घेतोय. डबा घेऊन ते खाली निघून गेले. रोज आम्ही एकत्र जेवायचो. त्या दिवशी मी एकट्याने भेंडीची भाजी खाल्ली आणि स्वतःला समजावलं की कर्तव्याची वाट एकाकी असते. भेंडी गार झाली होती.

जेवण झाल्यावर ते वर आले, बसले आणि माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. तब्येत विचारली, नातवंडं विचारली. मग गोडाऊन कोणाचं ते विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“तुला नाही विचारणार तर कोणाला विचारणार?” ते म्हणाले. “चौकशी ही शिवी नाही.”

मग पलीकडचा काहीतरी थोडकंच बोलला. सरांनी “बरं” म्हटलं, सलाम केला आणि फोन ठेवला. ऑर्डर रद्द समज, एवढंच तो म्हणाला होता. गोडाऊनबद्दल त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

“लिही,” ते मला म्हणाले, “माल थांबवला.”

मालकांनी संध्याकाळी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्या ऑर्डरवर त्यांनी नवं मशिन घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे आवाज खाली मशिनशॉपपर्यंत गेला. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, निर्णय माझा आहे. मी तोंड मिटलं. खरं सांगायचं तर मी ते फारसं उघडलंही नव्हतं.

त्या माणसाने खरंच काही वाकडं केलं होतं, की भाडं स्वस्त म्हणून त्याने ते गोडाऊन घेतलं होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्या कामात शेवट कळत नाही. तुम्ही काहीतरी थांबवता, आणि मग काहीच होत नाही; आणि ते तुमच्यामुळे झालं नाही की मुळातच होणार नव्हतं, हे कोणी सांगू शकत नाही. पुढच्या रमजानला खजूर आले नाहीत. सरांनी बाजारातून आणून सगळ्यांना वाटले. मला देताना म्हणाले, घरी ने, आई वाट बघत असेल.

त्यानंतर काही महिन्यांनी परदेशी भागीदाराचं पत्र आलं. आमची व्हॉल्वची ड्रॉइंग्ज तुमच्याकडे जे जे कोणी उघडून पाहतात, त्या सगळ्यांची नावं आता याद्यांशी ताडून पाहा, असं त्यात होतं. गिऱ्हाइकांची नव्हे, आमची स्वतःची. मी उत्साहाने कामाला लागलो. मालक हिरवे, डिझाइनवाले हिरवे, मी पुन्हा एकदा न विचारताच हिरवा. सरांचं नाव टाकलं आणि पडदा लाल झाला.

नाव तंतोतंत जुळत होतं. जन्माचं सालही जवळपास होतं. तो यादीतला माणूस कुठल्या तरी दूरच्या देशातला शस्त्रांचा दलाल होता, आणि आमचे सर जोगेश्वरीहून बसने येणारे, डब्यात सुकट आणली तर आधी खिडकी उघडणारे. तो माणूस हा नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि विचारून लिहून देणं वेगळं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. विचारून होईपर्यंत त्यांचं ड्रॉइंग उघडणं बंद करायचं, असा नियम होता. तो मला पाळायचा होता.

मी दोनदा बाथरूमला जाऊन आलो. आरशासमोर सराव केला. ‘सर, एक छोटीशी औपचारिकता आहे’ हे वाक्य माझ्या तोंडी फार गुळगुळीत वाटत होतं. बँकेतून क्रेडिट कार्ड विकायला फोन येतो तसं. परत येऊन बसलो तर ते माझ्याकडेच पाहत होते.

“एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा का केलायस?”

मी म्हणालो, सर, ते नवीन पत्र आलंय, त्यात सगळ्यांची नावं, म्हणजे सगळ्यांचीच, माझंसुद्धा... वाक्य काही संपेना.

“माझं लाल आलं,” ते म्हणाले.

मी मान हलवली. मग त्यांनी आपल्या टेबलासमोरची खुर्ची माझ्यासाठी ओढली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “बस. विचार.”

मी छापील प्रश्न इंग्रजीत वाचायला लागलो. इंग्रजीत ते कमी लागेल असं मला वाटत होतं. पहिलाच प्रश्न झाला आणि त्यांनी हात वर केला. “मराठीत विचार रे. इंग्रजीत ऐकलं की पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटतं.”

मग मी मराठीत विचारलं. वडिलांचं नाव. ते काय करायचे. बोटीवर खलाशी होते. जन्म कुठला, शाळा कुठली, कुठकुठल्या देशांत गेलात. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं, एखाद्या पाहुण्याला गावाची वाट सांगावी तसं. ‘आणखी कुठलं नाव कधी वापरलं आहे का’ असाही एक प्रश्न होता.

“आई बाबू म्हणायची,” ते हसून म्हणाले. “लिही.”

मी लिहिलं. ते गंमत करत होते हे मला कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी कर्तव्यात आकंठ बुडालेलो होतो. ते भागीदाराच्या परदेशी कार्यालयाला पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: या इसमाचं ‘बाबू’ हे दुसरं नाव आढळलं, तरी या नावानेही तपासणी व्हावी आणि हे नाव कधीपासून व कोणत्या कारणासाठी वापरात होतं याचा खुलासा करावा. आता भारतात बाबू नावाची माणसं किती असतील याचा तुम्हीच विचार करा. कॉम्प्युटर असा लाल झाला की मी भीतीने त्याचं बटणच बंद केलं.

हे प्रकरण त्यामुळे लांबलं. ज्या माणसाने हयातभर व्हॉल्वची ड्रॉइंग्ज हाताळली, त्याला ती बघायला मनाई, आणि बघायची मुभा मला, ज्याला त्यातली वरची बाजू कुठली तेही कळायचं नाही. माझ्या पडद्यावर चुकूनही नजर जाऊ नये म्हणून त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली. ते मी सांगितलं नव्हतं. नियमातही नव्हतं. गिऱ्हाइकांचे फोन आले की ते तसेच खिडकीबाहेर बघत बोलायचे. खालच्या एका मशिनवाल्याने एकदा थट्टेत विचारलं, चाचा, तुम्ही वाँटेड झालात म्हणे. सर हसले. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

मी त्यांना सॉरी म्हणालो. आधीही म्हणालो होतो, पण त्या दिवशी जरा जास्त म्हणालो असेन, कारण ते वैतागून माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. धाकटी मुलगी बोरिवलीच्या कॉलेजात होती तेव्हा ते तिकडे घर बघत होते. फोनवर एजंट म्हणायचा, फ्लॅट रिकामा आहे, आजच या. हे पोचले आणि नाव सांगितलं की फ्लॅट सकाळीच गेलेला असायचा. एकदा नाही, सगळा उन्हाळा असंच. शेवटी मुलगी म्हणाली, अब्बा, मी जोगेश्वरीहूनच ये-जा करते.

“तिथे मला कोणी काही विचारलं नाही,” सर म्हणाले. “बाप कोण, काम काय, काही नाही. नाव ऐकलं आणि संपलं. तू निदान विचारलंस.”

एवढं बोलून ते पुन्हा खिडकीकडे वळले.

मी त्या क्षणी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मला सुचलं ते असं, की सर, चहा सांगू का. ते म्हणाले, सांग.

मात्र दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली जी माझ्या स्वभावात बसत नव्हती. ईमेल न लिहिता परदेशी कार्यालयाला सरळ फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. मी त्यांची तब्येत विचारली. त्या गोंधळल्या. हवामान विचारलं. मुलांचं विचारायचं धाडस झालं नाही. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्यांना समजावून सांगितलं की बाबू हे नाव नाही, ते आईचं हाक मारणं आहे; माझ्या देशात निम्म्या मुलग्यांना आया बाबू म्हणतात; आणि खलाशाचा हा मुलगा कुठे जन्मला, कुठे शिकला याचे सगळे कागद मी पाठवले आहेत, ते तुम्ही वाचा, नुसतं नाव वाचू नका. मी बराच वेळ बोलत होतो. माझा आवाज चढला असावा, कारण मालक केबिनमधून डोकावून गेले. शेवटी त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, माझी आई मला भोपळा म्हणायची.

त्याच आठवड्यात पत्र आलं. ‘हा तो नव्हे’, अशा अर्थाचं एका ओळीचं. मी ते सरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खुर्ची परत टेबलाकडे फिरवली.

“छान,” ते म्हणाले. “बाबूला कळवतो.”

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. आणि निवृत्त होऊन वर्षही झालं नसेल तोच, एका सकाळी नमाज पढून उठताना त्यांचं हृदय थांबलं. जोगेश्वरीच्या कब्रस्तानात आम्ही ऑफिसातले सगळे गेलो. मला तिथे काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं. इतर लोकांनी माती टाकली, मीही टाकली.

पण मला ते आठवतात ते निरोपाच्या दिवशीचे. समारंभ झाला, मालकांनी शाल दिली, मशिनवाल्यांनी घड्याळ दिलं. मी भाषण केलं. ते बरं झालं असं मला वाटलं होतं, पण नंतर कळलं की माइक बंद होता. मग मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. नाक्यावर त्यांना रिक्षात बसवलं, शाल-घड्याळाची पिशवी मांडीवर दिली. वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मी डोळे पुसत मागे सरलो. रिक्षा निघाली आणि दोन हात पुढे जाऊन थांबली. समोर साकीनाक्याचा जाम होता.

निरोप तर घेऊन झाला होता. आता काय करावं ते दोघांनाही कळेना. मी निघून जाणं बरं दिसेना, आणि उभं राहणंही. थोड्या वेळाने मी जाऊन रिक्षाच्या दांड्याला धरून उभा राहिलो. ते बडीशेप काढून म्हणाले, घे. आम्ही दोघं बडीशेप खात पुढच्या डंपरकडे बघत राहिलो. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.

“एक विचारू?” ते म्हणाले.

“विचारा ना, सर.”

“तेव्हा मीच तो निघालो असतो, तर तू काय केलं असतंस?”

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मला सात मसुदे केल्याशिवाय एक ओळ लिहिता येत नाही. मी म्हणालो, म्हणजे कसं आहे, सर, आणि डंपर हलला. रिक्षावाल्याने किक मारली. मागून सगळे हॉर्न एकदम सुटले. दांडा माझ्या हातातून निघून गेला, आणि त्यांनी वळून, शालीची पिशवी सावरत, हात बाहेर काढला.

“थांबवलं असतं, सर,” मी म्हणालो. “आणि संध्याकाळी तुमच्या घरी आलो असतो.”

पण तोवर मी हे एका टेम्पोला सांगत होतो. टेम्पोवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून माझं ऐकून घेतलं, आणि मग हातानेच मला बाजूला व्हायला सांगितलं.